पांढरकवड्याची सोळा मिनिटं

"मास्तर, किती वाजले?" शेंगांच्या टोपलीमागून धनीबाई ओरडली.

"सूर्याचे नऊ-दहा. सरकारचे नऊ-चाळीस."

माझ्या शेजारी बाकावर बसलेला माणूस खुदकन हसला. त्याच्या मांडीवर नकाशांची लांब गुंडाळी होती. हसताना ती घसरली, मी पकडली, आणि आमची नजरानजर झाली. एवढीच. पण मी पुस्तकाचं पान उलटायचं विसरले.

तो फेब्रुवारीतला सोमवार होता. बाकीच्या सोमवारांसारखाच. यवतमाळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. शनिवारी पांढरकवड्याला घरी यायची आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायची. बाबा माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत यायचे. गाडी लागेपर्यंत मी बाकावर वाचत बसायची आणि ते चौकशीच्या खिडकीसमोर, उन्हात उभे राहायचे. मुद्दाम लांब. गळ्यात ती नळी असताना ते जवळ उभे राहिलेले मला आवडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं.

नळी म्हणजे वीतभर लांबीचं सागाचं लाकूड, वर फिरणारी टोपी, टोपीतून बाहेर येणारी पितळेची छोटी पट्टी. अंगावर बारा महिन्यांच्या उभ्या रेषा आणि त्यांना कापत जाणाऱ्या तासांच्या वाकड्या रेषा. उन्हात धरली की वेळ सांगायची. जुन्या काळी घोडेस्वार चाबकाच्या दांड्यावरच असे तास कोरून घेत, म्हणून हिचं नाव चाबूकयंत्र, असं बाबा वर्गात सांगायचे. मुलं हसायची. त्यांनी बाबांचं नाव 'उनमास्तर' ठेवलं होतं आणि माझं 'उनमास्तरची पोर'. शाळा सुटली, कॉलेज सुटलं, नाव सुटलं नाही.

त्या दिवशी सकाळीच चहाच्या वेळी त्यांनी एक नवी नळी माझ्यापुढे ठेवली होती. गुळगुळीत, तेल दिलेली.

"तुझ्यासाठी केली, मंजू. पर्समधे मावते."

"बाबा, मोबाईल आहे न माझ्याजवळ."

"मोबाईलमधे सरकारचे वाजतात."

"मला सरकारचेच लागतात."

ते हसले आणि नळी त्यांनी आपल्या झोळीत परत ठेवली.

"कोण आहेत हो हे?" शेजारच्यानं आता मला विचारलं. आवाजात थट्टा नव्हती, कुतूहल होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त त्याचं हसू दिसलं होतं. "ओळखता का तुम्ही?"

अर्धा सेकंद गेला असेल...

"नाही," मी म्हणाले. "असतात इथं नेहमी. जरा तसेच आहेत."

मागे कागद चुरगळल्याचा आवाज आला. मी वळले. बाबा उभे होते. एका हातात माझी पिशवी, दुसऱ्यात गरम शेंगांची पुडी. पलीकडे धनीबाईचा तराजू हवेतच थांबला होता.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही. मग ते अतिशय अदबीनं म्हणाले,

"मॅडम, ही पिशवी तुमचीच न? तिकडं राह्यली होती."

मी पिशवी घेतली. "थँक्यू" म्हणाले. हो, तेही म्हणाले मी.

"अन् तुम्ही शेंगा घ्या, साहेब. गरम हायेत."

"साहेब नाही हो, मी सलील. बोरी अरबचा. इथं भूमी अभिलेखात लागलो नुकताच. लोकांचे बांध मोजतो अन् शिव्या खातो." त्यानं पुडी घेतली, पण नजर नळीवर होती. "ही पाहू का जरा?"

बाबांनी झोळीतून नवी नळी काढली. माझी.

"टोपी फिरवा, फेब्रुवारीवर आणा. आता पट्टी बाहेर. दोरीनं धरा अन् तिच्या वजनानं लटकू द्या. घाई नाही करायची. फिरवा... सावली सरळ खाली पडली पाहिजे, वाकडी नाही. हं. टोक कुठं आलं?"

"नऊच्या जरासं पुढं... नऊ-दहा!"

"पास. कोणी पहिल्या खेपेला सावली सरळ पाडत नाही."

"पण माझ्या घड्याळात नऊ-बेचाळीस झाले."

"तुमचं घड्याळ मिर्झापूरकडच्या सूर्यावर चालते. तो तिथून आपल्या पांढरकवड्यावर यायले सोळा मिनिटं लागतात. झाली सोळा. उरलेली चौदा..." यवतमाळची गाडी वळून फलाटाला लागत होती. "ते मंग कधी सांगतो. ठेवा ही तुम्ही."

"अहो, नको! तुम्ही इतक्या मेहनतीनं..."

"पोरीसाठी केलती. तिले मोबाईल पुरते."

मी गाडीत चढले. दर सोमवारी मी खिडकीतून म्हणायची, "येते, बाबा." ते हात वर करून म्हणायचे, "ये." त्या दिवशी सलील माझ्या मागच्याच बाकावर होता. मी पुस्तक उघडलं आणि गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गच्चीवर ऊन बघायला गेले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

मी पोचले तेव्हा आई एकच गोष्ट परत परत सांगत होती. "काल घरी आले तर खुशीत होते गं. म्हणे, मंजूले गाडी बरी भेटली. मागच्या बाकावर चांगला पोरगा होता म्हणे. नळी पाहून हसला नाही."

बाकी त्यांनी काही सांगितलं नव्हतं. माझं गाऱ्हाणं त्यांनी घरापर्यंत आणलंच नव्हतं.

*

मार्चमध्ये मी पुन्हा त्याच बाकावर बसले. धनीबाईकडे शेंगा मागितल्या. तिनं पुडी बांधली, पुढे सरकवली आणि तोंड फिरवलं. पैसे टोपलीच्या काठावर ठेवून मी परत आले.

"मॅडम! आज इतक्या दिवसांनी?" नकाशांच्या गुंडाळीमागून सलीलचं तोंड वर आलं.

"मला मॅडम म्हणू नका."

माझा आवाज इतका तुटक निघाला की तो दचकला. "बरं... मंग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू."

"काहीच-नका-म्हणू." त्यानं जिभेवर घोळवून पाहिलं. "जरा लांब नाव आहे. घरी काय म्हणतात, काहीच?"

मला हसू आलं. बाबा गेल्यावरचं ते पहिलं हसू, आणि ते त्या बाकावर यावं याची इतकी लाज वाटली की मी ओढणीनं तोंड पुसायचं निमित्त केलं. "मंजुषा," मी म्हणाले.

"अन् ते आपले मास्तर कुठं गेले हो? दोन-तीन सोमवार झाले, दिसलेच नाहीत. मले ती चौदा मिनिटं विचाराची होती."

समोर ऊन तसंच पडलं होतं. त्यात कोणी नव्हतं.

"लेकीकडे गेले असतील," मी म्हणाले.

असं दुसरं खोटं बोलून आमची ओळख वाढली. तो दर सोमवारी जिल्ह्याच्या ऑफिसात नकाशे घेऊन जायचा. मार्च सरेपर्यंत तो मागच्या बाकावरून शेजारी आला. रस्त्याकडेचे पळस लालभडक झाले होते, साग उघडेबोडके. तो खिडकीतून नळी बाहेर धरायचा, कंडक्टर ओरडायचा, आणि तो अगदी शहाण्या मुलासारखा हात आत घ्यायचा.

"हे पाहा," एकदा त्यानं खिशातली वही काढली. "फेब्रुवारीत नळी तीस मिनिटं मागं होती. आता एप्रिलात सोळाच. लाकूड फुगलं काय?"

लाकूड फुगलं नव्हतं. मी सातवीत असताना बाबांनी हे मला स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं काढून समजावलं होतं. आई पोळ्या लाटत होती आणि म्हणत होती, पाय पुसा, पाय पुसा, सूर्य घरभर करू नका.

"सूर्यच वर्षभर मागंपुढं चालतो," मी म्हणाले. "फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागं. एप्रिलच्या मध्याला बरोबर. नोव्हेंबरात सोळा मिनिटं पुढं."

तो वहीत लिहिता लिहिता थांबला. "थांबा, थांबा. पांढरकवडा सोळा मिनिटं मागं, अन् नोव्हेंबरात सूर्य सोळा मिनिटं पुढं... म्हणजे तेव्हा नळी अन् घड्याळ एकच?"

"एकच. तीन तारखेच्या आगंमागं."

"फक्त आपल्याच गावात?"

"आपल्या गावाच्या वर-खाली जी गावं असतील, तिथं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर पाहू लागले. "कुठं वाचलं हे?"

"एका जुन्या पुस्तकात."

"किती वाचता हो तुम्ही!"

बाबा तीन नोव्हेंबरला सकाळी सकाळी शिरा करायला सांगायचे. "आज दोघं भेटतात," म्हणायचे. "वर्षभर एकमेकाची वाट पाहून." त्यांचं ते वाक्य मी सलीलला सांगितलं. पुस्तकातलं म्हणून. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली माझं नाव लिहिलं.

त्या सबंध उन्हाळ्यात मी बाबांचं एकेक बोलणं त्याला देत गेले. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली नळीच्या खाली निघून जाते, तेव्हा दोन तास नळी आंधळी असते. सकाळ आणि दुपार तिला सारखीच. साडेनऊ आणि अडीच यांची सावली एकच, त्यातलं खरं काय ते माणसानं ठरवायचं. तो ऐकायचा आणि त्याच्याकडचं सांगायचा. त्याच्या आजोबांजवळ नळीही नव्हती. ते वावरात उभं राहून स्वतःचीच सावली पावलांनी मोजत. अमुक पावलं भरली की बैल सोडायचे. "पण आजोबा ठेंगणे होते," सलील म्हणाला, "अन् माझे बाबा उंच. सावली मोठी पडे, तसे पायही मोठे. पावलं दोघाचीही तेवढीच भरत. मले ते समजलं त्या दिवशी मी मापाच्या धंद्यात पडलो."

जुलैत आभाळ बंद झालं. नळी त्याच्या खिशात पडून राहायची. एका सोमवारी गाडीचं छत गळत होतं. त्यानं नकाशांची गुंडाळी माझ्या डोक्यावर धरली.

"भिजतील न नकाशे!"

"भिजू द्या. कोणाचा तरी बांध दोन फूट सरकंन. तुमचं पुस्तक वाचलं पाहिजे."

"पुस्तकच फक्त?"

बोलून गेले आणि जीभ चावली. गुंडाळी जराशी आणखी माझ्याकडे कलली... आणि त्याचा उजवा खांदा यवतमाळ येईपर्यंत भिजत राहिला.

मला सुख होत होतं. ते सांगायला मला कोणी नव्हतं, कारण ज्यांना ऐकून सगळ्यात आनंद झाला असता त्यांना मी ओळखत नव्हते. तसं मी स्वतःच सांगितलं होतं.

*

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी तो बाकावर न बसता समोर उभा राहिला.

"मी आईले सांगितलं तुमच्याबद्दल."

"काय सांगितलं?"

"की एक बाई आहे, तिले नाव विचारलं तर काहीच-नका-म्हणू म्हणते." मग तो हसायचा थांबला. "मंजुषा, तुम्ही हो म्हणाल तर मी तुमच्या घरी येतो. पण त्याच्या आधी मले त्या मास्तरांना भेटायचं आहे. त्यांच्या नळीनंच आपली गाठ घातली. पहिला पेढा त्यांले. लेकीचं गाव कोणतं, काही माहीत आहे?"

मी मान हलवली. कशी हलवली, मलाही कळलं नाही.

"थांबा, धनीबाईले विचारतो. तिले सारं स्टँड माहीत आहे."

मी त्याला थांबवायला हवं होतं. तो टोपलीजवळ जाऊन वाकला. धनीबाईनं त्याचं बोलणं ऐकलं. मग माझ्याकडे हनुवटी करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मले कायले पुसतं बापा? तिले पूस. तिले माहीत हाय."

तो परत आला. त्याच्या कपाळावर बारीक आठी होती. "तुम्हाले माहीत आहे?"

"हो."

"मंग काहून सांगत नाही?"

"पुढच्या सोमवारी सांगते," मी म्हणाले. "तीन तारीख आहे. नळी घेऊन या."

तो आठवडा मी कसा काढला ते लिहीत नाही. एवढंच की मी अनेकदा वाक्य जुळवलं, आणि प्रत्येक वेळी त्यात माझी बाजू मांडणारा एक शब्द कुठून तरी यायचा. जरा, चुकून, घाईत. मी तो खोडायची.

*

तीन नोव्हेंबरला ऊन स्वच्छ होतं. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस स्टँडच्या जाळीला चिकटला होता. सलील माझ्या आधीच येऊन बसला होता.

"द्या," मी हात पुढे केला.

"काय?"

"नळी."

त्यानं दिली. मी दोरी गळ्यात घातली. बाकावरून उठले, लोकांच्या सामानावरून वाट काढत चौकशीच्या खिडकीसमोर गेले आणि बाबा उभे राहायचे तिथं उभी राहिले. टोपी फिरवून नोव्हेंबरवर आणली, पट्टी बाहेर काढली. चारदोन माणसं बघू लागली. एका मुलीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. बाबांवर पडणारी ही नजर मी आजवर मागून पाहिली होती. समोरून पहिल्यांदाच येत होती. ते या नजरेसमोर वर्षानुवर्षं कसे उभे राहिले, तेही हसत?

नळी डोलत होती, सावली वाकडी पडत होती. घाई नाही करायची...

चाकाची बॅग घेतलेला एक माणूस सलीलजवळ थांबला. "काय करून राह्यल्या हो त्या बाई?" तो हसत म्हणाला. "तुमच्या ओळखीच्या हायेत काय?"

"माझ्या आहेत," सलील म्हणाला.

त्याला अर्धा सेकंदही लागला नाही. त्याला तर मी काय करतेय हेही माहीत नव्हतं.

सावली सरळ पडली. टोक साडेनऊच्या रेषेवर होतं. वर भिंतीवरच्या घड्याळातही साडेनऊ. दोघं भेटले होते, आणि मला पुढचं दिसेना.

तो जवळ आला. "मंजुषा? काय झालं?"

"त्या दिवशी तुम्ही मला हेच विचारलं होतं," मी म्हणाले. "ओळखता का. मी नाही म्हणाले. ते माझे बाबा होते, सलील. नरहर मास्तर. ही नळी त्यांनी माझ्यासाठी केली होती. मी त्यांच्यासमोर म्हणाले की मी ओळखत नाही, जरा तसेच आहेत. ते मला मॅडम म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते गेले. लेकीकडे कुठंच गेले नाहीत. आणि मी तुम्हाला जे जे सांगितलं ते कोणत्याही पुस्तकात नाही."

त्याचा चेहरा उतरला होता. तो बाकाकडे गेला, नकाशांची गुंडाळी उचलली, आणि मला वाटलं, झालं. गाडी फलाटाला लागली. लोक चढू लागले.

तो गाडीच्या दारापाशी थांबला, वही काढली, पानं उलटली. पेननं माझं नाव खोडून खाली काहीतरी लिहिलं. त्यानं वही माझ्यापुढे धरली. 'आज दोघं भेटतात' या ओळीखाली आता लिहिलं होतं — नरहर मास्तर.

"राग आला आहे मले," तो म्हणाला. "आठ महिने मी त्यांची वाट पाहिली. तुम्ही पाहू दिली." "तो राग काही आज जाणार नाही. पण गाडीत जागा धरून ठेवतो. तुझ्या... तुझ्यासाठी."

तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता.

कोणीतरी माझा पदर ओढला. धनीबाई. तिनं शेंगांची पुडी माझ्या हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत, आणि नळीकडे पाहून विचारलं, "किती वाजले वं, पोरी?"

"सूर्याचे साडेनऊ," मी म्हणाले. "सरकारचेही."

गाडीत खिडकीची जागा त्यानं मला दिली. घंटी वाजली, गाडी मागे सरली आणि फाटकाकडे वळली. समोर ऊन पडलं होतं, रिकामं. सगळी गाडी ऐकत असताना मी खिडकीतून मान बाहेर काढली, हात वर केला आणि होता तेवढा आवाज लावून म्हणाले,

"येते, बाबा!"